वीरप्पाचं पाणी आणि कंपनीचा हिरवा दिवा

वीरप्पा सव्वीस वर्षं गावाला पाणी सोडत होता. गाव तालुक्याचं; टाकी एक, व्हॉल्व त्रेपन्न, त्यातले निम्मे मातीखाली गेलेले. नकाशा म्हणाल तर वीरप्पाच्या डोक्यात. खालच्या पेठेचा व्हॉल्व पुरता उघडला की माळावरच्या वस्तीला थेंब चढत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून पेठेला तो दोनच आटे सोडायचा. पेठेतले व्यापारी शिव्या घालायचे, तो त्या निमूट ऐकून घ्यायचा आणि आटे दोनच ठेवायचा.

मग स्मार्ट सिटीचं वारं इथवर आलं. मोठ्या शहरांचं झालं ते झालं, आता आमच्या धुळीच्या गावालाही शहाणं करायचं म्हणे. एका खाजगी कंपनीला दहा वर्षांचं कंत्राट मिळालं. तिचा इंजिनिअर मल्लेश 'काका, काका' करत वीरप्पामागं तीन आठवडे उन्हात फिरला. वीरप्पानं एकूण एक व्हॉल्व दाखवला, पेठेच्या दोन आट्यांचं कारणही सांगितलं. मल्लेशनं व्हॉल्व टिपून घेतले, कारण सोडून दिलं. सव्वीस वर्षांची विद्या फुकटात देऊन या भल्या माणसाला मिळालं काय, तर कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट आणि 'उद्यापासून येऊ नका'.

यंत्रं बसली. प्रत्येक भागाला चाळीस मिनिटं, सगळे सारखे. पेठेत अंगणं धुतली जाऊ लागली आणि माळावर नळातून नुसती हवा. तिथल्या सुमनबाई मोबाइलवरून तक्रारी करून थकल्या. शेवटी वीरप्पा त्यांना घेऊन कंपनीच्या ऑफिसात गेला. मल्लेशनं भिंतीवरचा पडदा दाखवला. माळाच्या नावापुढं हिरवा दिवा होता, म्हणजे पाणी मिळालं. सुमनबाईंनी रिकामी कळशी टेबलावर ठेवली, तेव्हा तो म्हणाला, तुमच्या नळातच दोष असेल. तीन आठवडे काका काका करणाऱ्याची असं बोलायला जीभ तरी कशी वळली?

दुसऱ्या दिवशी सकाळी वीरप्पानं घरचा पाना घेतला, पेठेतलं झाकण उचकटलं आणि यंत्राशेजारचा जुना व्हॉल्व दोन आट्यांवर आणून ठेवला. अर्ध्या तासात माळावर बाया भांडी घेऊन पळत होत्या. दुपारी वीरप्पा पोलीस ठाण्यात होता.

यंत्रणेत हात घातल्याची तक्रार होती. मल्लेशनं पुरावा म्हणून हवालदारापुढं एक छापील कागद ठेवला. माळाच्या पाइपाला कंपनीनं मीटर बसवलं होतं, त्याचे रोजचे आकडे त्यात होते. आज अकरा हजार लिटर चढलंय, म्हणजे यानंच व्हॉल्व फिरवला, असं त्याचं म्हणणं. वीरप्पानं चष्मा लावला आणि आकड्यांवरून बोट वर सरकवलं. काल शून्य. परवा शून्य. महिनाभर शून्य.

"म्हंजी माळावर पाणी जात न्हाय, हे तुमाला ठावं व्हतं," तो म्हणाला.

मल्लेश म्हणाला, कंत्राटात व्हॉल्व उघडायचं लिहिलंय, दिवा त्याचा असतो. पुढं पाणी पोचतं की नाही, ते कंपनीचं काम नाही. एवढं बोलून त्यानं कागद परत घ्यायला हात पुढं केला. वीरप्पानं कागदावर पंजा ठेवला.

"हवालदारसाहेब, व्हॉल्व म्याच फिरवला. लिवा, सही करतो. पर ह्यो कागद आदी तक्रारीला जोडा, आन एक नक्कल सुमनबाईस्नी द्या."