बारा ते तीनची झोप

गंगाधर ठवकरला रात्रीची झोप लागत नाही, ही गोष्ट रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या अख्ख्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, ठाऊक होती, कारण त्याच्या बायकोनं, प्रेमलानं, ती स्वतः घरोघर जाऊन सांगितली होती. सांगायला जायची आणि बदल्यात उपाय घेऊन यायची. कोणी म्हटलं जायफळ उगाळून दुधात द्या, कोणी म्हटलं तळपायाला काशाची वाटी घासा, शेजारच्या अंजनाबाई तर म्हणाल्या उशीखाली सुरी ठेवा. प्रेमलानं सगळं केलं. जायफळानं पोट बिघडलं, वाटीनं गुदगुल्या झाल्या, आणि सुरी ठेवल्यावर आधी जी तासभर डुलकी यायची तीही गेली. डॉक्टरच्या गोळीनं दिवसभर डोकं जड राहायचं आणि रात्री डोळे टक्क उघडे. सात वर्षं हे असंच चाललं होतं. माणूस वाळून पार चिपाड झाला.

आता खरी गंमत ऐका. हा माणूस झोपतच नव्हता असं नाही. रिटायर झाल्यापासून तो रोज झोपत होता, आणि तेही तिकीट काढून. अकराला जेवण आटोपलं की "लायब्ररीत जाऊन येतो" म्हणून निघायचं आणि जुन्या टॉकीजमध्ये बारा ते तीनच्या शोला जाऊन बसायचं. पडद्यावर मारामारी सुरू झाली की ह्याची मान खांद्यावर. डोअरकीपर धर्मपाल त्याला कोपऱ्यातली पंख्याखालची खुर्ची राखून ठेवायचा आणि शो सुटला की खांदा हलवायचा, "चलो दादा, पिक्चर ख़तम." दोन वर्षांत गंगाधरनं शंभरेक सिनेमे पाहिले असतील आणि एकाचाही शेवट त्याला सांगता आला नसता. अंधार असावा, आसपास माणसं बोलत असावीत, पण आपल्याशी कोणी बोलू नये, एवढं जमलं की त्याला झोप यायची. घरातही अंधार असायचा, पण तिथं त्याच्याशी चारुदत्त बोलायचा. आणि चारुदत्त मोघे तर सात वर्षांपूर्वीच गेला होता.

चारुदत्त आणि गंगाधर ह्याच बस्तीत लहानाचे मोठे झाले. मोघ्यांचं घर भोसल्यांच्या राज्यापासून रायपुरातलं, ठवकर मागाहून भंडाऱ्याकडून आलेले, पण पोट्ट्यांना त्याचं काय घेणं? एकाच शाळेत गेले आणि एकाच पेपरात नापास झाले. पुढं दोघं एकाच खात्यात चिकटले. चारुदत्त भोपाळला हेड ऑफिसात गेला, गंगाधर इथंच आवक-जावकच्या टेबलावर राहिला, म्हणजे आलेलं पत्र रजिस्टरात चढवायचं आणि जाणाऱ्यावर नंबर टाकून डाकेत घालायचं. चारुदत्तचं लग्न भोपाळलाच झालं. बायको वनमाला, सरकारी शाळेत शिक्षिका. एक मुलगी, गंधाली.

मग दोन हजार सालच्या नोव्हेंबरात छत्तीसगढ वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली, आणि भोपाळच्या फायली ट्रकांत भरून इकडं आल्या. फायलींबरोबर माणसंही आली, त्यात चारुदत्त होता. पण तात्पुरता. कोणाला जुन्या राज्यात राहायचं आणि कोणाला नव्या, ह्याचा विकल्प भरून द्यायचा होता. नियम सरळ होता. तारखेच्या आत ज्याचा फॉर्म भोपाळला पोचणार नाही, तो जिथं आहे तिथंच राहायला राजी आहे असं धरलं जाईल.

गंगाधरला विचाराल तर तो हिवाळा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा. पंधरा वर्षांनी मित्र परत आलेला. ऑफिस सुटलं की दोघं टपरीवर चहा घ्यायचे, साहेबाची नक्कल करायचे, मंडळाच्या गणपतीत नाटक कोणतं बसवायचं त्यावरून भांडायचे. प्रेमला रात्री दोन ताटं वाढायची आणि दोघांनाही सारखीच रागवायची. फक्त आठ वाजले की चारुदत्त उठून एसटीडीच्या बूथवर जायचा, लेकीशी बोलायला. गंगाधर बाहेर उभा राहून वाट पाहायचा आणि मनातल्या मनात कुरकुरायचा.

फेब्रुवारीत गंधालीला गोवर आला. चारुदत्तनं रजा टाकली, बॅग घेऊनच तो ऑफिसात आला आणि भरलेला फॉर्म गंगाधरच्या टेबलावर ठेवला.

"गंगा, हा आजच रवाना कर. मी स्टेशनवर चाललो."

"हव, ठेव तिथं," गंगाधर म्हणाला.

त्यानं नंबर टाकला, रजिस्टरात चढवला, लिफाफा बंद केला, पत्ताही लिहिला. आणि लिफाफा डाकेच्या थैलीत टाकायच्या ऐवजी आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवला. त्यात दुष्टावा नव्हता हो. एवढंच मनात आलं, की हा गेला की सांजच्या चहाला पुन्हा आपण एकटे. राहू दे वर्ष-दोन वर्षं, मग पाठवू. दुसऱ्या कोणाला हे सुचलंही नसतं, पण हा पडला आवक-जावकचा माणूस. वीस वर्षं त्यानं हेच पाहिलं होतं की सरकारी कागदावरची शेवटची तारीख कधीच शेवटची नसते. ती वाढते, मग पुन्हा वाढते, मग दुसरी यादी निघते. त्याच्या टेबलावरून गेलेल्या झाडून सगळ्या तारखा वाढल्या होत्या. नेमकी हीच वाढली नाही.

यादी लागली तेव्हा चारुदत्तच्या नावापुढं छत्तीसगढ होतं. तो पांढराफटक होऊन गंगाधरच्या टेबलाशी आला. "तू पाठवला होता नं बे?"

"पाठवला म्हणजे? नंबर आहे रजिस्टरात, पाह्य. वाटेत गहाळ झाला असंन."

त्या क्षणी खरं बोलला असता तर लिफाफा हाताच्या अंतरावर होता, नंबरासकट, तारखेसकट. साहेबापुढं ठेवता आला असता. फार तर सस्पेंड झाला असता. पण भ्याला. संध्याकाळी लिफाफा शर्टाच्या आत घालून घरी नेला आणि अंघोळीच्या बंबात जाळला. त्यानंतर सांगण्यासारखं त्याच्याजवळ काही उरलं नाही, म्हणजे असं त्यानं स्वतःला समजावलं.

चारुदत्तनं अर्ज केले, तीनदा. तीनदा उत्तर आलं, विकल्प प्राप्त नाही. वनमाला स्वतः हेड ऑफिसात गेली. तिथल्या बाबूनं फाईल उघडून दाखवली, "मॅडम, आपके मिस्टर ने तो विकल्प भेजा ही नहीं." चारुदत्त जावक नंबर दाखवत राहिला. ती म्हणाली, नंबराचं काय, तुमच्या मित्राच्याच टेबलावरचा तो. बाई किती जवळ आली होती. पण तिनं अर्थ उलटा लावला. तिला वाटलं नवऱ्याला गाव प्यारं, मित्र प्यारा, आणि दोघांनी मिळून हे नाटक केलं. सुरुवातीला तो महिन्यातून दोनदा भोपाळला जायचा, मग एकदा, मग दिवाळीला, मग तिनं दार उघडणंच सोडलं. गंगाधरला मात्र सांजच्या चहाला सोबत मिळाली, तब्बल अकरा वर्षं. चहा कसा लागत होता ते त्याला विचारू नका.

दोन हजार बारा साली चारुदत्तला कावीळ झाली आणि ती लिव्हरवर गेली. दवाखान्यात गंगाधरनं त्याचं सगळं केलं, अगदी अंग पुसण्यापर्यंत. जायच्या आदल्या दिवशी चारुदत्त म्हणाला, "गंगा, तू होता म्हणून मी इथं तगलो. नाहीतर मले कोण होतं या गावात?" गंगाधर त्याचे पाय दाबत होता, तो दाबतच राहिला. त्या दिवसापासून त्याची झोप गेली.

आणि टॉकीजमधल्या झोपेनं काय केलं, तर त्याची मान आखडली. रोज तीन तास वाकडी मान करून घोरल्यावर दुसरं काय होणार? डॉक्टरनं समता कॉलोनीतल्या एका फिजिओथेरपीच्या क्लिनिकचा पत्ता दिला. गेला, तर पांढरा कोट घालून समोर गंधाली. पंचवीस वर्षांची, बापाचंच कपाळ, बापाचेच कान. नोकरीसाठी रायपुरात आली होती. आई आदल्याच वर्षी वारली होती, तेव्हा गंगाधरनं तिला फोनही केला होता; भोपाळात तिचं कोणी उरलं नव्हतं. केसपेपरवरचं नाव वाचून गंगाधरला तिनं लगेच ओळखलं.

दर मंगळवारी तो मान शेकायला जाऊ लागला. पोरीला मराठी सगळं समजायचं, पण बोलायची हिंदीत. स्वभावानं गोड, कामात हुशार. लग्नाचं काढलं की तेवढी कडू व्हायची. एकदा मानेवर पट्टा बांधता बांधता म्हणाली, "पापा को एक काग़ज़ भरना था काका. बस एक काग़ज़. वो भी नहीं भरा. अब किसपे भरोसा करूँ?" गंगाधरचं तोंड भिंतीकडं होतं म्हणून बरं. पुढच्या मंगळवारी सांगू असं त्यानं ठरवलं, आणि असे सात-आठ मंगळवार गेले.

त्या गुरुवारी टॉकीजला दक्षिणेकडचा, हिंदीत डब केलेला सिनेमा होता. गंगाधर नेहमीसारखा मान टाकायच्या तयारीनं बसला. पडद्यावर डोंगरातल्या बर्फाच्या कारखान्याचा राखणदार, वर्षभर न झोपलेला. रोज सकाळी त्याच्या टेबलावर चहाचे दोन कप निघतात. दुसरा कोण ठेवतं म्हणून तो कुलुपं बदलतो, शेजाऱ्याच्या अंगावर धावून जातो, भिंती उकरतो. बाकीचे दहा-बारा प्रेक्षक भुताची वाट पाहत होते. गंगाधरला दहाव्या मिनिटालाच कळलं की कप तो स्वतःच ठेवतो, त्याच्यापायी मेलेल्या सोबत्यासाठी. त्याची मान काही पडली नाही. उठून जावंसं वाटलं आणि उठवेना. शेवटी तो राखणदार सोबत्याच्या आईकडे जातो, सगळं कबूल करतो, आणि तिच्याच ओसरीवरच्या बाजेवर गाढ झोपी जातो. दिवे लागले. धर्मपाल उठवायला आला आणि पाहतच राहिला.

"दादा, आज जागे हो? तबियत ठीक है ना?"

"ठीक आहे," गंगाधर म्हणाला आणि टॉकीजबाहेर आला. ई-रिक्षा पकडून तो थेट समता कॉलोनीत पोचला.

गंधाली एका पेशंटला निरोप देऊन हात पुसत होती. "काका? आज तो मंगलवार नहीं है."

तो बसलाही नाही. "बेटा, तुह्या बापानं फॉर्म भरला होता. भोपाळसाठीच भरला होता. म्याच तो ठेवून घेतला, आन् मग जाळला."

ती हात पुसतच राहिली. मग म्हणाली, "क्यों?"

"सांजच्या चहाले तो राहावा म्हणून."

स्वतःच्या तोंडून ऐकल्यावर ते किती टीचभर होतं ते त्याला पहिल्यांदा कळलं. अठरा वर्षं त्यानं ते मनात केवढं मोठं करून ठेवलं होतं.

"चाय के लिए," गंधाली म्हणाली. "मम्मी गई तब आपने फ़ोन किया था. पंद्रह मिनट बात की. उस दिन क्यों नहीं बोले?"

तिनं हात पुसायचं फडकं टेबलावर ठेवलं.

"और आज क्यों बता रहे हो? नींद नहीं आती इसलिए?"

खोटं बोलता आलं असतं. तुझ्यासाठी सांगितलं, चारूसाठी सांगितलं, काहीही. पण आज खोटं निघेना. "हव," तो म्हणाला.

तिनं दार उघडून धरलं. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. "ठीक है काका. जाइए, सो जाइए."

आणि काय सांगू, हा माणूस खरंच झोपला. घरी आला, न जेवता पडला, तो सकाळी आठपर्यंत. सात वर्षांनी स्वतःच्या घरात घोरला. प्रेमलाला इतका आनंद झाला की तिनं साजूक तुपातला शिरा केला आणि पाऱ्यात चार घरी सांगूनही आली. गंगाधर बशी घेऊन बसला होता, अंग कसं हलकं लागत होतं, आणि फोन वाजला.

"काका, मैं सोई नहीं," गंधाली म्हणाली. आवाज बसलेला होता. "पापा अस्पताल में थे, तब मैंने फ़ोन किया था. आपने ही फ़ोन उनके कान से लगाया था ना?"

"हव."

"मैंने उनसे कहा था, आप मेरे कोई नहीं हो. मर भी जाओगे तो मैं रोऊँगी नहीं. अठारह की थी मैं. उन्होंने आपको कुछ बताया?"

गंगाधरला तो फोन आठवला. चारुदत्तनं ऐकून घेतलं होतं, मान हलवली होती, आणि भिंतीकडं कूस वळवून म्हणाला होता, पोट्टी बरी आहे म्हणते. गंगाधरनं आजवर तेच खरं धरलं होतं.

"नाही बेटा," तो म्हणाला. "तो म्हणाला, पोट्टी बरी आहे म्हणते. एवढंच."

मग ती म्हणाली, "फिर से बताइए. फ़ॉर्म वाली बात. शुरू से." आणि मग पहिल्यांदाच मराठीत, "पापा कसे उभे होते, काय बोलले, सगळं."

शिऱ्याची बशी बाजूला सारून गंगाधर सांगू लागला. आता ती रोज सकाळी फोन करते, तेच विचारते, आणि तो तेच सांगतो. ती झोपते का, हे विचारायची त्याला हिंमत होत नाही. त्याला मात्र आताशा पाठ टेकली की झोप लागते, आणि रोज सकाळी उठल्यावर त्या झोपेची लाज वाटते.