जावयाच्या गाडीचं फायबर

आमच्याकडे मुलीच्या लग्नात गाडी देतात आणि वर सांगतात, त्यांनी मागितली नव्हती हो, आम्हीच हौसेनं दिली. धाकट्या बहिणीच्या लग्नात आम्हीही ही हौस केली. लाल मोटारसायकल, पुढून दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकनं झाकलेली. त्या प्लॅस्टिकला सगळे फायबर म्हणतात. दोन वर्षांनी मेहुणे तीच गाडी घेऊन धुळ्याहून जळगावला आमच्या दारात आले. मागे बहीण बसलेली, गाडीचं उजवं फायबर फुटलेलं. पारोळ्याजवळ घसरली म्हणाले. चहा घेतला, माझ्या वडिलांना, आबांना म्हणाले, "गाडी झाली की दोन्ही आणून सोडा," आणि एसटीनं परत गेले.

दोन्ही म्हणजे गाडी आणि बहीण. आबांना यात काही खटकलं नाही. जावई हा दहावा ग्रह आणि आपण त्याची शांत करायची, एवढंच त्यांना ठाऊक.

मी पाइपच्या कारखान्यात फिटर आहे. फायबर बदलायला मेकॅनिक कशाला, म्हणून मोबाइलवरून मागवलं आणि रविवारी अंगणात गाडी उघडली. सहा बोल्ट, चार क्लिपा, आणि आतून रबरी बुशांत, म्हणजे कड्यांत, घुसवलेले तीन खुंट. घाई केली की खुंट मोडतो. मी एक मोडलाच, आणि गाडीलाच शिव्या दिल्या.

जुनं फायबर हातात आलं तेव्हा बाकी काय काय बदलावं लागेल ते बघायला मी खाली वाकलो. गाडी उजवीकडे घसरली की ब्रेकचा लिव्हर वाकतो, हँडलचं टोक घासतं, पायदान आणि सायलेन्सर तर हमखास खरवडतात. इथे सायलेन्सर आरशासारखा लखलखीत. कुठे ओरखडा नाही, लिव्हर सरळ. फायबरला मात्र तीन भोकं, तिन्ही सारख्या मापाची. ही गाडी पडलीच नव्हती. उभ्या गाडीवर कुणीतरी पहार नाहीतर पाना घातला होता.

बहीण चहा घेऊन आली. मी तिला विचारलं, "गाडी पडनीच नही ना?"

ती फायबरकडे बघत म्हणाली, "त्यासना राग गाडीवर निंघना, बरंच व्हयनं ना."

गाडी जवळ नसते तेव्हा राग कशावर निघतो, हे विचारायला तोंडात शब्द आला होता. उन्हाळ्याचे दिवस आणि तिच्या ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. मी चहा प्यायलो. कप परत देताना ती म्हणाली, "भाऊ, तू फायबर बसाडी दे."

आबांना मी सगळं सांगितलं, सायलेन्सरपाशी नेऊन दाखवलं. ते गाडीकडे न बघता म्हणाले, "झाकेल मूठ सव्वा लाखनी. बसाडी दे आणि चाल धुळे." मला त्यांचा संताप आला. पण संतापात मी केलं काय, तर पाना उचलला आणि कामाला लागलो. सगळे बोल्ट आधी ढिले लावायचे, फट सगळीकडे सारखी आली की मग आवळायचे. नव्याचाही एक खुंट मोडला, त्याचं काम जुन्या फायबरचा खुंट चिकटवून भागवलं. फट केसाएवढीही राहिली नाही. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला माझ्या कामाचा अभिमान वाटला. आज त्याची लाज वाटते.

पुढच्या रविवारी बहिणीला मागे बसवून मी धुळ्याला गेलो. आबा एसटीनं आधीच पोचले होते. मेहुण्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, नव्या फायबरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "रंग जरा वेगळा दिसतोय."

बरोबर होतं. टाकीचा लाल रंग उन्हानं उतरला होता, नवा भडक होता. बहीण पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. आबांनी तिच्यासमोरच हात जोडले आणि हसून म्हणाले, "पुढला टायमले कंपनीनं फायबर टाकसूत, जावईबापू."

बहिणीनं माझ्याकडे बघितलं. मी मेहुण्यांकडे बघून होकारार्थी मान हलवली.