सात घरांची हंडी

२०१८च्या जानेवारीतल्या एका रविवारी, दुपारी दीडच्या सुमारास, बोर्डीला आत्याच्या वाडीत सात घरांची उकडहंडी खड्डा खणून पुरली. ती करपली नव्हती, कच्चीही राहिली नव्हती. तिच्यात टाचण्या होत्या.

थंडीत वालपापडी भरात आली की ही हंडी लागते. मडक्यात पापडी, रताळी, छोटी वांगी, बटाटे आणि कंद भरायचे. त्याआधी त्यांना ओल्या लसणाचं आणि ओव्याचं वाटण चोळायचं. तोंडाशी रानातला वासाचा पाला कोंबायचा, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती गोवऱ्या-पातेरा पेटवायचा. आत पाण्याचा थेंब जात नाही, तेलाचाही नाही.

आत्याच्या आळीत हंडी एका घराची नसते. ज्याच्याकडे जे पिकतं ते तो आणून देतो, आणि हंडी उघडली की त्या त्या घराचा वाटा केळीच्या पानावर काढतात. सगळे वाटे निघेपर्यंत हंडी लावणाऱ्या घरात कोणी घास तोंडात घालत नाही. आत्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून हंडी तिच्याच अंगणात लागत होती. मडकं ती दर वर्षी तलासरीच्या बाजारातून स्वतः वाजवून आणायची.

त्या वर्षी आळीतले कंद घुशींनी पोखरले होते. एकच चांगला निघाला, कुंपणापलीकडच्या काकींचा. त्यांनी तो मातीसकट आणून आत्याच्या हातात दिला आणि नवऱ्यासाठी शब्द टाकला.

"ताई, म्हाताऱ्याला आता मऊ तेवढंच जातं. सकाळपासून दोनदा विचारून झालंय. त्याच्यापुरतं बाजूला ठेवा."

"ठेवते. दात गेले तरी तोंड चालतंय ना?"

"तेच तर चालतंय," काकी म्हणाल्या.

त्या दिवशी एक पाहुणी मुंबईहून आली होती. तिला मी बोलावलं होतं. एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत आम्ही समोरासमोर बसून काम केलं होतं. पुढे ती फोटोसाठी पदार्थ सजवण्याच्या व्यवसायात गेली आणि मी डहाणूला परतले. तिला घरगुती आणि कोणी न पाहिलेलं असं काही हवं होतं. फोनवर ठरलं ते इतकंच: एक ताट फोटोला, बाकी हंडी घरांना. बातमीत मी कोणाचं तोंडी आश्वासन छापलं नसतं. इथे ते मान्य केलं.

तिच्या पेटीत ब्रश होते, चिमटे होते, तीन-चार फवारे होते. आत्याने वाकून पाहिलं.

"ही काय हंडीचं लग्न लावायला आली?"

"थोडा मेकअप, आजी."

"आजी मी कोणाचीच नाही. आत्या म्हण."

बाराच्या पुढे आत्याने मडक्याच्या बुडावर पाणी शिंपडलं. चर्र आवाज झाला. राख बाजूला सारून तिने हंडी सुलटी केली, पाला काढला आणि सगळा माल परातीत ओतला. वाफ अंगणभर पसरली. कंद आतून जांभळा, लोण्यासारखा झाला होता.

पाहुणीने विचारलं, "आत्या, हे मी शेअर करू ना सगळ्यांना?"

"कर की. सात घरं आहेत. कुंपणापलीकडे कंद जास्त."

पाहुणी हसली. "सात काय, हजारो लोकांना करणार."

"एवढ्याशा हंडीत?" आत्याही हसली. मुंबईची मुलगी वाटे काढते म्हणते, तर काढू दे, असं म्हणून ती सोबतीचं ताक घुसळायला आत गेली.

मी दोघींच्या मध्ये उभी होते. 'शेअर'चे दोन्ही अर्थ मला माहीत होते. मी दुरुस्ती केली नाही. मला ते संभाषण गमतीचं वाटलं आणि ते कुठे तरी वापरता येईल, असाही विचार आला. मग मी वाट्यांसाठी केळीची पानं कापायला वाडीच्या मागच्या बाजूला गेले. सात पानं कापायला, पुसायला आणि सारखी करायला वीस मिनिटं लागली.

परतले तेव्हा परात खाटेवर होती. एक ताट नव्हे, अख्खी परात. तळाशी फोमचे तुकडे घालून ढीग उंच केला होता. कंदाच्या फोडी घसरू नयेत म्हणून त्या एकमेकींत टाचण्यांनी अडकवल्या होत्या. पापडीवर चकाकणारे थेंब होते. फवारा मी उचलून वाचला. त्यावर बारीक अक्षरात छापलं होतं की ही वस्तू खाण्यासाठी नाही.

"ताट ठरलं होतं," मी म्हटलं.

"ताटात ते गरीब दिसत होतं. आता फोटो बघ ना."

फोटो चांगला होता. तेही नोंदवायला हवं.

आत्या ताकाचं भांडं घेऊन बाहेर आली. तिने रिकामी पानं पाहिली, मग परात.

"वाटे कुठेत?"

"कसले वाटे?"

"तू म्हणालीस सगळ्यांना करते."

"शेअर म्हणजे फोनवर, आत्या. गेलंसुद्धा. लोकांना खूप आवडतंय."

"फोनवर म्हातारा काय चाटणार?"

आत्याने आवाज चढवला नाही. शाळेत मारकुट्या मुलाला उभं करायची त्या आवाजात ती म्हणाली, "फवारा वरवर बसलाय. पापडी सोलून घेऊ, कंदाची सालं तर काढायचीच असतात. टाचण्या काढ. एकेक काढ आणि मोज."

पाहुणीने वीस लावल्या होत्या. डबी नवी होती, आकडा तिला पक्का ठाऊक होता. सतरा निघाल्या. आम्ही तिघींनी फोडी हाताने कुस्करून पाहिल्या. अठरावी सापडली नाही; उरलेल्या तीन ढिगात कुठेही असू शकत होत्या. एवढ्यात काकी स्टीलचा डबा घेऊन कुंपणाशी आल्या. कुस्करलेला कंद त्यांनी पाहिला.

"काय झालं?"

"लोखंड गेलंय त्यात," आत्या म्हणाली. "चूक माझ्या घरात झाली."

काकींनी माझ्याकडे पाहिलं, पाहुणीकडे नाही. त्यांना कोणाला विचारायचं ते कळलं होतं. मी टाचण्यांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि डब्याचं झाकण पुन्हा लावलं.

"म्हाताऱ्याला सांगते, जळली म्हणून. जळलेली त्याला कळते."

गाईच्या पोटात टाचणी जाऊ नये म्हणून उकिरड्यावर टाकता येईना. चिकूच्या झाडाखाली मी गुडघाभर खड्डा खणला आणि परात त्यात उलटी केली. कुदळ पाहुणीने मागितली, मी दिली नाही. रागाला हातांचं काम हवं होतं. ती चारच्या बसने गेली. जाताना तिने माफी मागितली. आत्या म्हणाली, "सात घरांची माग. फोटोत तर काही बिघडलं नाही."

फोटो मी संध्याकाळी पाहिला. खाली चार शब्द होते: 'आजीच्या चुलीवरून, तुमच्या ताटात'. आत्याला नातवंडं नाहीत. हंडी चुलीवर शिजत नाही. ताटात ती कोणाच्याच गेली नव्हती. दुरुस्ती करण्यासाठी मी तिला तीन ओळी पाठवल्या. तिने मला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मजकूर तसाच राहिला.

पुढच्या आठवडाभरात आत्या सहा घरी स्वतः जाऊन सांगून आली. मला तिने सोबत नेलं नाही.

२०१९च्या जानेवारीत आत्याने पुन्हा हंडी लावली. पापडी, रताळी, वांगी आली. काकींच्या कुंपणावर कंदाचा वेल होता, पण त्यांच्याकडून कंद आला नाही. आत्याने तो डहाणू रोडच्या बाजारातून आणवला. सातवा वाटा तिने पानावर काढला, कंद जास्त घातला आणि कुंपणावर नेऊन ठेवला. अंधार पडेपर्यंत पान तिथेच होतं.