पंचविसाव्या डावाचं झाकण

तोकुजी ओकुमुराने आयुष्यात एकच काम मन लावून केलं. ओसाकाच्या बेसबॉल मैदानावर अठरा वर्षं धावफलकावर प्रत्येक डावाच्या धावांच्या पाट्या टांगल्या. शिडीवरून तो कधी पडला नाही आणि पाटी कधी चुकली नाही. "फलक रिकामा दिसला की माणसं घरी जातात," असं तो गंभीरपणे म्हणे. "तुम्ही सोडून," असं त्याची बायको इने म्हणे.

मे महिन्यातल्या त्या रविवारी मात्र त्याला घरी जायचंच होतं. साडेसहाच्या गाडीने एकुलता एक मुलगा यासुओ पलटणीत दाखल व्हायला निघणार होता. सामना दोनला सुरू झालेला, म्हणजे पाचला मोकळा.

ठरलेले नऊ डाव झाले आणि चार-चार अशी बरोबरी झाली. पुढच्या रांगेतल्या कर्नलसाहेबांनी निरोप धाडला, बरोबरी लढवय्यांना शोभत नाही, निकाल लागेपर्यंत खेळा. झालं! दोन्हीकडचे चेंडू टाकणारे पिचर हट्टाला पेटले. शून्यामागून शून्य, धाव म्हणून निघेना.

सतराव्या डावात शून्याच्या पाट्याच संपल्या. बाकीच्या आकड्यांचा ढीग पडला होता, पण त्यांना विचारतो कोण!

"ओकुमुरा!" व्यवस्थापक कुराता खालून ओरडला. "फलक रिकामा दिसतोय! कर्नलसाहेब बघतायत!"

"मग शून्यं पाठवा की, साहेब!"

"कुठून पाठवू? गोल दिसेल ते टांग!"

तोकुजीने बादली टांगली, मग नूडलवाल्याची चाळणी, मग प्रेक्षकांच्या गवती टोप्या. बाविसाव्या डावात इने बोलवायला आली.

"अहो, शेजारीपाजारी झेंडे घेऊन दारात उभे आहेत, आणि तुम्ही टोप्या वाळत घालताय?"

"आलोच गं. हा डाव संपू दे."

"हा डाव, हा डाव! अठरा वर्षं तेच ऐकतेय!" ती तणतणत निघून गेली.

सहाला यासुओ स्वतःच शिडी चढून आला. अंगावर निरोपाचा लाल पट्टा, हातात भाताच्या लाकडी डब्याचं झाकण.

"बाबा, आईने दिलंय. म्हणाली, घरात आता एवढंच गोल उरलंय."

तोकुजीला बोलायचं पुष्कळ होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "जेवलास?"

"जेवलो."

"सरळ टांग हं. कललेलं दिसलं की लोक हसतात."

यासुओने पंचविसाव्या डावाच्या जागी झाकण नीट सरळ टांगलं, बापाला वाकून नमस्कार केला आणि उतरला. खाली टाळ्या वाजल्या, पण त्या कोणीतरी बाद झाला म्हणून.

पावणेसातला आभाळ भरून आल्याने अंधारात चेंडू दिसेना, तेव्हा सामना बरोबरीत सोडून दिला. कर्नलसाहेब जेवायला कधीच निघून गेले होते, आणि साडेसहाची गाडीही.

टोप्या ज्याच्या त्याला परत मिळाल्या. झाकण तोकुजीने काढलं नाही. पुढचा प्रत्येक सामना पंचविसाव्या डावाचं शून्य आधीच लावून सुरू होई. कुराता कपाळाला हात लावी.

"यासुओने टांगलंय, यासुओच काढेल," तोकुजी म्हणे. घरी इने भातावर फडकं टाकी आणि झाकण मागत नसे.

दुसऱ्या वर्षी यासुओच्या पलटणीकडून सरकारी कागद आला. त्या दिवशी सामना नव्हता, तरी तोकुजी मैदानावर गेला आणि शिडी चढला. वाऱ्याने झाकण जरासं कललं होतं. त्याने ते सरळ केलं आणि खाली उतरला.