बर्नडीनचा खांदा आणि दोन बंदुकांचे वकील

एक सांगा, तुमच्या घरात साप निघाला, तर त्याला मारायला काठी वेताची घ्यावी की बांबूची, यावर तुम्ही किती आठवडे चर्चा कराल?

टेक्सासमधल्या नोव्हा लुका गावच्या दफनभूमी समितीने नऊ आठवडे केली. पाच बाप्ये, पाचही धडधाकट, प्रत्येकाच्या घरी बंदुकांचं कपाट भरलेलं. दर रविवारी प्रार्थना आटोपली की चर्चच्या मागच्या हॉलमध्ये बसायचं, खसखस भरलेले गोड पाव, म्हणजे कोलाचे, हाणायचे, कॉफी ढोसायची आणि वाद घालायचा. तिकडे ओढ्याकडून रानडुकरं यायची आणि त्यांच्याच आज्या-पणज्यांच्या थडग्यांवर नांगर फिरवून जायची.

सगळ्यात खोल नांगर फिरायचा तो एर्विन ह्रूस्कावर. त्याला मार्चमध्ये पुरलं होतं. तिथल्या काळ्या मातीला बसायला वर्ष लागतं, तोवर वर दगड उभा करत नाहीत. नुसता मातीचा उंचवटा आणि लाकडी क्रूस. आणि भुसभुशीत माती म्हणजे डुकराला वाढून ठेवलेलं ताट. एर्विनची बायको बर्नडीन सकाळी फावडं घेऊन यायची, माती ओढायची, थोपटायची, आडवा झालेला क्रूस सरळ करायची आणि कामावर जायची. ऑगस्ट संपेपर्यंत हे सहा वेळा झालं.

दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस. ह्यूस्टन-डॅलसला गेलेली पोरंबाळं त्या दिवशी गावात येतात, आणि फादर प्रत्येक थडग्यापाशी थांबून पाणी शिंपडतात. बर्नडीनचं मागणं एवढंच होतं: फादर एर्विनपाशी पोचतील तेव्हा तिथे खड्डा नसावा. नवऱ्याला नीट झोपलेला बघायचा होता तिला. यात काय जगावेगळं होतं?

बर्नडीन एकसष्ट वर्षांची. तिचा बाप त्याच दफनभूमीत खड्डे खणायचा, यंत्राने नाही, फावड्याने. बारा वर्षांची असताना ती दोरी धरून खड्ड्याची लांबी मोजून द्यायची. बाप गेल्यावर तिथलं गवत कापायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं, आणि कुणी तिला त्याबद्दल कधी विचारलं नाही, कारण गवत कापलेलंच असायचं. पोटापाण्याला शाळेची बस. चार नंबरची पिवळी बस, सव्वीस वर्षं. बोलणं कमी. पोरांनी मागे दंगा केला की ती नुसती वरच्या आरशात बघायची. तेवढ्यात सगळी चिडीचूप.

पहाटे पोरांना घ्यायला निघाली की ओढ्याच्या वळणावर तिला डुकरांचा तो कळप दिसायचा. तेरा जनावरं. पुढे एक फाटक्या कानाची म्हातारी मादी. म्हातारी थांबली की सगळी थांबायची, म्हातारी पळाली की सगळी पळायची. वर्षभर रोज बघून बर्नडीनला त्या म्हातारीची चाल समितीतल्या बाप्यांच्या चालीपेक्षा जास्त ठाऊक झाली होती.

म्हणून ती पहिल्याच बैठकीला गेली आणि उभी राहून म्हणाली, "मला जत्रेतल्या गुरांच्या कुंपणाच्या आठ लोखंडी जाळ्या द्या आणि एक पडतं दार. आंबवलेला मका टाकते. दोन आठवडे खाऊ देते. अख्खा कळप आत आला की दार पाडते. गोळ्या घातल्या तर एखादं मरेल, बाकीची शहाणी होतील."

"बरोबर आहे, बरोबर आहे," समितीचा अध्यक्ष रॉइस माखाचेक म्हणाला. हा विम्याचा धंदा करतो आणि विम्यासारखाच बोलतो. "ते आपण नंतर बघू. आधी बंदूक ठरवू. दफनभूमीची स्वतःची एक बंदूक हवी. आता एआर घ्यायची, की..."

"एके," डेल्बर्ट कुबेना म्हणाला.

झालं. त्या दिवसापासून बर्नडीन खुर्चीत बसली ती बसलीच.

दोन्ही बंदुका एकाच जातीच्या: चाप ओढला की एक गोळी, पुढची आपोआप वर येते. एकीचं मूळ अमेरिकेतलं, दुसरीचं रशियातलं. पण ऐकणाऱ्याला वाटावं की दोन धर्म आहेत. रॉइसची एआर बघाल तर हसाल. वर दुर्बीण, खाली मूठ, बाजूला बॅटरी, पुढे लेसर. नाताळच्या झाडाला एवढं लटकवत नाहीत. डेल्बर्ट वेल्डर. दाढी छातीपर्यंत. आयुष्यात सैन्याच्या दारात गेला नाही, पण बोलायला लागला की वाटावं तीन युद्धं नुकतीच जिंकून जेवायला घरी आलाय.

"एके चिखलात पुर, वर्षाने काढ, झटक, आणि चालव," डेल्बर्ट म्हणायचा.

"तू कशाला पुरतोस तिला चिखलात? घरी कपाट नाही?"

"तुझ्या त्या खेळण्यात वाळूचा कण गेला की बसली रुसून."

"आणि तुझी ती धान्याच्या कोठाराला नेम धरला तर कोठार चुकवते."

"अरे, व्हिएतनाममध्ये काय झालं विसरलास? आपल्या पोरांच्या एआर अडकल्या चिखलात, आणि समोरचे एके घेऊन..."

शेवटच्या खुर्चीत फादर हिएन कॉफी ढवळत बसलेले असायचे. त्यांचा जन्म व्हिएतनाममधला. त्यांचा बाप त्या युद्धात पाय देऊन आलेला. डेल्बर्टने त्यांच्याकडे वळून त्यांनाच युद्ध समजावून सांगितलं, हात नाचवत, पंधरा मिनिटं. फादर म्हणाले, "हो का? मला हे कुणी सांगितलंच नव्हतं," आणि आणखी एक कोलाचा उचलला. डेल्बर्टला ते कौतुक वाटलं!

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशी गत. बंदूक अजून दुकानात, आणि इकडे हमरीतुमरी. पाचव्या आठवड्यात बर्नडीनने विचारलं, "चालवायची कुणी?"

"तू," रॉइस म्हणाला. "तू रोज तिथे असतेस ना?"

"मग मला..."

"अगं, तू काळजी करू नकोस. आम्ही बघतो ना तुझ्यासाठी उत्तमातली उत्तम."

शेवटी ठरलं की परीक्षाच घ्यायची. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी, उजेड आहे तोवर, दोघांनी आपापली बंदूक घेऊन दफनभूमीच्या कडेला बसायचं. ज्याची डुकरं जास्त, त्याची बंदूक घ्यायची. खुर्च्या आल्या, बर्फाच्या पेटीत बिअर आली. डुकराला माणसाचा वास अर्ध्या मैलावरून येतो, हे शिकाऱ्यांनी खरं तर ध्यानात ठेवायचं. पण नशीब बघा, वारा उलटा होता आणि कळप आला.

आता रॉइसचा पराक्रम ऐका. त्याच्याकडे एआर एक नाही, दोन. एक बारीक गोळीची, एक जाड गोळीची. दोन्हींना गोळ्यांची पेटी, म्हणजे मॅगझिन, एकच बसतं, काडतूसही बाहेरून जवळपास सारखंच. म्हणून जाणती माणसं जाड गोळीच्या मॅगझिनला रंगीत पट्टी लावतात. रॉइसने बंदुकीला लेसर लावला, पट्टी लावली नाही. बारीक नळीच्या बंदुकीत जाड गोळी भरली आणि रुबाबात चाप ओढला.

बंदूक फुटली. मॅगझिन खालून उडालं, दुर्बीण गवतात, रॉइसच्या अंगठ्याची साल गेली आणि एक भुवई जळाली. "माझा डोळा, माझा डोळा," म्हणून तो ओरडत होता, आणि दोन्ही डोळे जागेवर होते. बोटभर इकडे-तिकडे झालं असतं तर त्याच्याच विम्याचा दावा त्याच्याच बायकोने केला असता.

त्या स्फोटाने डुकरं उधळली. डेल्बर्टने उधळलेल्या कळपावर अकरा गोळ्या झाडल्या. एके अडकली नाही, हे कबूल करायला हवं. अकराच्या अकरा गोळ्या सुटल्या. एकाही डुकराला लागली नाही. एक लागली त्याच्याच आत्याच्या संगमरवरी दगडाला, आणि देवदूताचा पंख गेला.

बर्नडीन फाटकापाशी उभी राहून बघत होती. कळप पळाला तो कुठून? एर्विनवरून. आणि पुढच्या आठवड्यात म्हातारीने वेळ बदलली, वाट बदलली. गुरुवारी बर्नडीन आली तर एर्विनचा क्रूस मोडलेला आणि मातीत हातभर खोल खड्डा. ती त्या खड्ड्यात गुडघ्यांवर बसली आणि हातांनीच माती ओढायला लागली. फावडं शेजारी पडलं होतं. त्या दिवशी चार नंबरची बस सव्वीस वर्षांत पहिल्यांदा उशिरा निघाली.

कोंडलेला कळप मारायला तरी बंदूक लागणारच, म्हणून दुपारी ती बंदुकीच्या दुकानात गेली. एकटीच जाणार होती, पण गाव केवढं? तिची गाडी बाहेर दिसली आणि हे दोघं हजर. रॉइसच्या अंगठ्याला पांढरं फडकं, एक भुवई नाही.

"चूक माझी होती, बंदुकीची नाही," रॉइस आत शिरताच म्हणाला. "एआरच घे."

"ह्याचं ऐकू नकोस, हे सांगायला हवंय का? भुवई बघ त्याची," डेल्बर्ट म्हणाला.

काउंटरमागे तिशीतली एक बाई होती, लॉरी नावाची. तिने दोघांकडे बघितलंच नाही. बर्नडीनला विचारलं, "मॅडम, कुठल्या खांद्याला लावता?"

"डाव्या."

"डावखुऱ्या आहात?"

"नाही. उजवा खांदा गेलाय. बसचं दार." तिने हात पुढे करून दांडा ओढल्यासारखं दाखवलं. अर्ध्यावरच हात थांबला. "आठ वर्षं झाली."

शाळेच्या बसचं दार चालक उजव्या हाताने दांडा ओढून उघडतो. दिवसाला शंभरदा. रॉइसची तीन आणि डेल्बर्टची दोन पोरं त्याच दारातून चढली-उतरली होती. यांचीच पोरं चढवता-उतरवता तो खांदा झिजला, आणि नऊ आठवड्यांत एकाच्याही तोंडून निघालं नाही, की बाई, तू बंदूक धरतेस कशी?

लॉरीने दोन्ही बंदुका काउंटरवर ठेवल्या. बर्नडीनने आधी एके उचलली. जड होती, पण ते तिने सोसलं असतं. पहिली गोळी वर आणायला ओढायचा तिचा खटका उजव्या बाजूला आणि चांगलाच घट्ट. दुखऱ्या हातानेच ओढायचा. तिने एकदा ओढला आणि ओठ चावले. हा तर पुन्हा बसचाच दांडा.

"डाव्या हाताने वरून ओढ की," डेल्बर्ट म्हणाला, "रशियात..."

"डेल्बर्ट, तू गप्प बस," बर्नडीन म्हणाली.

मग एआर. साधी, काही न लटकवलेली. तिचा खटका मागे, मधोमध; डाव्या हाताने सरळ ओढता येतो. दस्ता आत सरकवून तिच्या हाताच्या मापाचा केला. रिकामी पुंगळी उजवीकडे उडते, पण तिथे एक उंचवटा असतो, तो ती पुढे फेकतो, म्हणजे डाव्या खांद्यावाल्याच्या तोंडावर येत नाही. मागच्या अंगणात तिने पाच गोळ्या झाडल्या. धक्का एवढासा. खांद्याने तक्रार केली नाही.

"ही," ती म्हणाली.

"बघ! मी पहिल्या दिवसापासून सांगतोय!" रॉइस.

"तू तुझ्यासाठी सांगत होतास, रॉइस. तुझ्या घरी होती म्हणून. माझा उजवा हात चांगला असता तर मी डेल्बर्टची घेतली असती, आणि तरी तो मूर्खच ठरला असता."

लॉरीने तोंड फिरवून कपाटात काहीतरी शोधायला घेतलं. समितीच्या पैशाने नको, असं सांगून बर्नडीनने बंदूक स्वतःच्या नावावर लिहून घेतली.

त्याच संध्याकाळी तिने फादर हिएनना गाठलं. जत्रेचं कुंपण ठेवलेल्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे. त्यांनी समितीला विचारलं नाही, बैठक बोलावली नाही. किल्ली दिली, झगा काढून बाही सारली आणि जाळ्या उचलू लागले. "माझ्या आजोळी डुक्कर असंच धरत," एवढंच म्हणाले.

तिने बादलीत मका आंबवला, कुंपणात टाकला, दार वर बांधून ठेवलं. पहिले चार दिवस म्हातारी लांबूनच बघायची. पाचव्या दिवशी पिल्लं आत. आठव्या दिवशी बाकीची. म्हातारी दारातच उभी राहायची, अर्धी आत, अर्धी बाहेर. बर्नडीनने दोरीला हात लावला नाही. सव्वीस वर्षं तिने दारात रेंगाळणारी पोरं बघितली होती. आत ओढायला गेलं की पळतात. सोळाव्या दिवशी, उजाडता उजाडता, म्हातारी आत गेली. बर्नडीनने डाव्या हाताने दोरी सोडली.

दार पडलं. तेरा आत. डाव्या खांद्याला बंदूक लावून तिने काम केलं, घाई न करता, आधी म्हातारी. मग गाडीत बसून तिने थोडा वेळ हात मांडीवर ठेवले, आणि बस काढायला गेली. मांस फादरनी वाटलं.

दोन नोव्हेंबरला एर्विनची माती सपाट होती, वर कोवळं गवत आलं होतं, क्रूस नवा. फादर तिथे थांबले, पाणी शिंपडलं. बर्नडीन डोळे मिटून उभी होती. तेवढ्यात मागून रॉइसचा आवाज आला. डॅलसहून आलेल्या पुतण्याला सांगत होता, "डुकरांचा प्रश्न? आमच्या समितीने सोडवला. मुद्दा होता योग्य बंदूक निवडण्याचा."

"एके असती तर आठवडाभरात झालं असतं," डेल्बर्ट म्हणाला.

बर्नडीनने डोळे उघडले नाहीत. फादरनी मात्र पाण्याची कुंचली जरा जोरात झटकली, आणि दोघांचे सदरे भिजले.

असे रॉइस आणि डेल्बर्ट तुमच्याही गावात आहेत, नाही म्हणू नका. कदाचित त्या टेबलाशी तुम्हीही बसता. तर एक करा. पुढच्या वेळी कुणासाठी काही निवडायला बसाल, बंदूक असो, चूल असो, नाहीतर चाकाची खुर्ची, तेव्हा जिच्या हातात ते जाणार आहे तिला आधी विचारा, "बाई, तुझा कुठला हात दुखतो?" आणि ती सांगेल तेव्हा मध्ये बोलू नका.