गळका हंडा आणि समेटाचं पाणी

जव्हारच्या बाजारातला तो दुकानदार इतकं गोड बोलायचा, की फसलेला माणूस घरी पोचेपर्यंत त्याला दुवा देत राही. मीही दिला. वर्षभर रानात वेचलेला हिरडा त्याच्या ओट्यावर ओतला आणि बदल्यात पितळी हंडा डोक्यावर घेऊन निघाले. तेव्हा मी पहिलटकरीण, पोट चांगलं पुढे आलेलं. नवरा मोखाड्याकडं लाकूडतोडीला गेलेला. सूर्यमाळच्या आमच्या पाड्याचं पाणी चैत्रात पार दरीच्या तळाशी जातं. मोठा हंडा असला की दिवसाची एक खेप वाचेल, एवढीच माझी आशा.

खेप कसली वाचते! हंडा बुडाच्या सांध्यातून गळका. वर येईस्तोवर अर्धं पाणी माझ्या पाठीवरून वाहून जायचं आणि मी पुन्हा दरीत. एकदा वाटेतच पोटात अशी कळ आली, की दगडाला धरून बसले. लेकरू हातचं जातंय असं वाटून मोठ्यानं रडले. कळ ओसरली, लेकरू वाचलं, तशी उठले.

हंडा घेऊन दुकानात परत गेले, तर शेट म्हणतो, "हंडा गळत नाही, बाई. तुझी चाल वाकडी आहे. पाणी हिंदकळतं."

वा रे वा! म्हणजे खोट माझ्या कमरेत! तशीच जव्हारच्या राजाच्या दरबारी कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं हंड्याकडं न बघताच सांगितलं, की सरकारला कामं खूप आहेत, तुम्ही आपसात मिटवा. मग तो पानाला चुना लावायच्या कामाला लागला.

आपसात मिटवायला आमच्या पाड्यावर एक म्हातारा होता. त्याला आम्ही कारभारी म्हणायचो. शेट हिरडा न्यायला वर आला, तसा कारभाऱ्यानं त्याला झाडाखाली बसवला. तंटा मिटेपर्यंत पाड्यातून हिरडा उचलायचा नाही, असं सांगितल्यावर शेट मुकाट बसला.

पण आमच्या कारभाऱ्याला दोघांनाही खूश करायचं होतं ना! मला म्हणाला, "तू म्हणतेस अर्धं पाणी सांडतं. जरा कमी म्हण." शेटला म्हणाला, "तू म्हणतोस गळतच नाही. जरासा गळतो म्हण." मग शेटनं बुडाचा सांधा बुजवायला राळेचा खडा द्यावा, मी हंडा ठेवून घ्यावा, आणि सगळे सुखात! शेट लगेच राजी झाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण कारभाऱ्याचा शब्द मोडायची सोय नव्हती.

आता राहिली रीत. समेट झाला की दोघांनी एका भांड्यातलं पाणी प्यायचं, त्याशिवाय तो पुरा होत नाही. मी माठाकडं वळले, तोच शेट दचकून मागं सरकला.

"तुझ्या हातचं पाणी मला चालत नाही."

हिरडा बरा चालत होता मेल्याला!

"मग तूच आण, शेट," मी म्हटलं. आमच्या बोलीत राजालासुद्धा तूच म्हणतात. "हंडा तुझा, चाल तुझी."

कारभाऱ्याला हे फारच पटलं. त्याला सगळंच पटायचं. शेट धोतर खोचून दरीत उतरला आणि अख्खा पाडा कड्यावर बघत उभा राहिला. चढताना तो जागोजागी दम खात बसला. हंडा काही बसला नाही, गळतच राहिला. वर आला तेव्हा धोतर पायांना चिकटलेलं, टोपीतून पाणी निथळतंय, आणि हंड्यात चूळ भरण्याइतकंही शिल्लक नाही. बायका पोट धरून हसल्या.

हसता हसता बघते तर शेटचे डोळे फिरले. तो धपकन खाली बसला. मी घाबरले, राग कुठल्या कुठं गेला. माठातून लोटा भरून त्याच्यापुढं धरला. हात कोणाचा, हे न बघता तो घटाघटा प्यायला आणि आणखी मागितलं. त्याच लोट्यातला तळाचा घोट मी घेतला.

"झाला समेट!" कारभारी ओरडला.

"बदलून देतो हंडा," शेट धापा टाकत म्हणाला.

पुढच्या बाजाराला गेले तेव्हा दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. शेटनं नवा हंडा लांबूनच जमिनीवर ठेवला, जुना काठीनं आत ओढला आणि सगळ्यांदेखत हात धुतले.

मी हंडा उचलला आणि बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हात धुतलेस, शेट. पोट कसं धुणार?"