मधल्या जागेत बाण कुठे असतो?

माऊसचा बाण एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर जातो, तेव्हा मधल्या चार बोटांच्या जागेत तो कुठे असतो? घरातली पहिली पदवीधर असून मला सांगता येत नाही. तुम्हाला येतं का?

आज दुपारी जालन्याहून आणलेले दोन जुने मॉनिटर अंबडच्या घरी लॅपटॉपला जोडले. आधी तिन्हींवर एकच चित्र आलं.

"मंग दोन कशाला उचलून आनले?" आई म्हणाली.

सेटिंग बदललं आणि तीन स्क्रीन मिळून एकच लांबलचक जागा झाली. मी बाण या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. आईच्या हातातलं फडकं तसंच थांबलं.

"मधात कुठं गेल्ता गं तो?"

"तूच नेऊन बघ."

"न्हाई बाई, बिघडंल."

हे माझेच शब्द. कॉलेजात असताना मी तिच्यावर ओरडले होते, "हात लावू नको, बिघडेल!" तेव्हापासून ती लॅपटॉपच्या कडेकडेनेच पुसते.

मी तिचा हात माऊसवर ठेवला. बाण गेला, आला, पुन्हा गेला. आम्ही दोघी नुसत्या बघत राहिलो.

"लय बारीक हाय, दिसंना," ती म्हणाली.

मी बाण सगळ्यात मोठा करून टाकलाय. संध्याकाळपासून माझं ऑफिसचं कामही त्याच बाणाने चालू आहे.